आवाज कुठे बसलाय?

हिरकणीवाडी म्हणजे रायगडच्या रोपवेचं खालचं स्टेशन, असं बऱ्याच पर्यटकांना वाटतं. त्यांचं चुकतं असंही नाही. १९९६ साली रोपवे सुरू झाला आणि तेव्हापासून वाडीची ओळख तिकिटाची रांग अशीच झाली. पण रांगेच्या पलीकडे घरं आहेत, अंगणं आहेत, मे महिन्यात पूजा असते आणि पूजेच्या रात्री नाटक असतं. हा लेख त्या नाटकातल्या एका गाण्यापासून सुरू होतो. पोहोचतो मात्र प्रशांत दामले, प्रसाद ओक, किशोर कुमार आणि आयुष्मान खुरानापर्यंत.

मी दहावीत होतो त्या वर्षी आमच्या नाटकात माझा चुलतभाऊ हिरो होता. दादा महाड–पाचाड मार्गावर मिनिडोर चालवतो. त्याला हिरो केला तो दिसण्यामुळे नाही, तर तो तोंड उघडलं की माणसं हसतात म्हणून. लग्न जुळता जुळता मोडतं आणि मोडता मोडता जुळतं, असं ते दोन अंकी नाटक. दुसऱ्या अंकात हिरोला चार ओळी गायच्या होत्या. तालमीत दादा दर वेळी ‘इथं गाणं’ एवढंच म्हणून पुढे जायचा. सगळ्यांनी धरून चाललं होतं की त्या रात्रीही तो काहीतरी विनोद करून वेळ मारून नेईल.

त्या रात्री तो गायला. पहिल्या ओळीला लोक हसले, कारण तो दादा होता. दुसऱ्या ओळीला हसणं थांबलं. चौथी ओळ संपली तेव्हा मागून एका काकांनी ‘वन्स मोअर’ दिला आणि दादाने तो घेतला. सकाळी नळावर एकच वाक्य होतं : ‘अरे, हा गातो पण?’

या वाक्यातल्या ‘पण’वर मला लिहायचं आहे.

कारण हे वाक्य फक्त आमच्या नळावर ऐकू येत नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघणाऱ्या माझ्या वयाच्या कितीतरी मित्रांना प्रसाद ओक म्हणजे परीक्षकाच्या खुर्चीत पोट धरून हसणारा माणूस, नाहीतर ‘धर्मवीर’मधले आनंद दिघे. हा माणूस झी मराठीच्या ‘सारेगमप’चं सेलिब्रिटी पर्व जिंकलेला आहे हे त्यांना सांगितलं की प्रतिक्रिया ठरलेली : ‘काय सांगतोस! हा गातो पण?’ २०१२ मध्ये ‘विकी डोनर’ आला तेव्हा आयुष्मान खुरानाबद्दल देशभर हेच झालं. वीर्यदानावरची रोमँटिक कॉमेडी, हिरो नवा, आणि त्यातलं लोकांच्या तोंडी बसलेलं पंजाबी गाणं त्याचं स्वतःचं. त्याला पदार्पणाचं फिल्मफेअर तर मिळालंच, वर पार्श्वगायनाचंही मिळालं.

आपल्याला आश्चर्य वाटतं, कारण आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते : चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा. पण हे गृहीतक नव्वदेक वर्षांचंच आहे, आणि मराठी माणसाने तर ते धरायलाच नको होतं.

*

मराठी रंगभूमीवरची गाजलेली पहिली संगीत रोमँटिक कॉमेडी कुठली, असा प्रश्न आला तर मी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्रा’चं नाव घेईन. साल १८८२. पौराणिक मुलामा काढून टाका, खाली काय उरतं? एक मुलगी, तिचं प्रेम एकावर, घरचे लग्न ठरवतात दुसऱ्याशी, आणि मुलीचा एक चलाख भाऊ पडद्याआडून सूत्रं हलवतो. ही कथा आज ओटीटीवर आली तरी चालेल. तेव्हा अर्जुन करणारा नट गातो का, हा प्रश्नच नव्हता. गात नसेल तर तो अर्जुन कसला?

१९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलं. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरची, इंग्रजीतून वळसा घेऊन आलेली. पण देवलांनी ती इतकी मुरवली की परकेपणाचा वासही राहिला नाही. अश्विनशेठ, रेवती, फाल्गुनराव, कृत्तिका : महिने आणि नक्षत्रांवरून पडलेली नावं, आणि एका तसबिरीवरून उडालेला संशयाचा गोंधळ.

या नाटकात एक वाटणी आहे. प्रेम करणारा अश्विनशेठ गातो. संशय घेणारा, ज्याच्यावर आपण खदाखदा हसतो, तो फाल्गुनराव बोलतो. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो गद्यावर. म्हणजे नट गातो हे गृहीत होतंच, पण ‘हसवणारा’ आणि ‘गाणारा’ यांची घरं तेव्हाच वेगळी होऊ लागली होती. गाणं हे प्रेमाचं काम, हसवणं हे त्याच्या शेजाऱ्याचं.

सिनेमा बोलू लागला तेव्हा सुरुवातीला हीच शिस्त पुढे चालली. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे पडद्यावर दिसतात आणि स्वतःच गातात. पुढे १९३५ च्या सुमारास पार्श्वगायनाचं तंत्र आलं. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, मग नटाने ओठ हलवायचे. सोय मोठी होती. कॅमेरा हलू लागला, बागेत गाता येऊ लागलं, आणि ज्यांना गाता येत नाही असे उत्तम नट हिरो होऊ शकले. लता, आशा, रफी आपल्याला मिळाले ते याच वाटेने. त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण?

पण एक किंमत मोजावी लागली. गाणारा माणूस दिसेनासा झाला.

*

ही किंमत सर्वांत मजेदार पद्धतीने दाखवली आहे ‘पडोसन’ने (१९६८). गायिका नसली तरी गाण्याची शौकीन बिंदू, तिच्या प्रेमात पडलेला बेसूर भोला, आणि भोलाचा मित्र विद्यापती. भोला, म्हणजे सुनील दत्त, खिडकीत उभा राहून ओठ हलवतो. आवाज खाली दडून बसलेल्या विद्यापतीचा, म्हणजे किशोर कुमारचा. समोरच्या खिडकीत संगीतमास्तर झालेला मेहमूद, आणि त्याचा आवाज मन्ना डेंचा.

नीट बघा, इथे काय चाललंय. अख्खा हिंदी सिनेमा ज्या युक्तीवर उभा आहे तीच युक्ती या सिनेमाने गोष्टीत आणून ठेवली, आणि तिला फसवणूक म्हटलं. बिंदूला खरं कळतं तेव्हा ती चिडते. तिची चीड आपल्याला पटते. आणि गंमत अशी की ज्या मेहमूदला आपण त्या जुगलबंदीत ‘खरा गाणारा’ मानतो, तोही ओठच हलवतोय. ती फसवणूक मात्र आपण सुखाने खपवून घेतो.

किशोर कुमार हा ‘हसवणारा आणि गाणारा’ ही वाटणी मोडणारा सर्वांत मोठा माणूस. तो गात असताना विनोद थांबत नाही आणि विनोद करत असताना सूर सुटत नाही. मराठीत १९८७ च्या ‘गंमत जंमत’मध्ये, सचिन पिळगावकरांच्या दिग्दर्शनात, त्याने अशोक सराफांसाठी आवाज दिला. ते गाणं आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. मी ते पुन्हापुन्हा बघतो तेव्हा मला एक विचित्र सुख मिळतं : एका विनोदी नटाच्या तोंडी दुसऱ्या विनोदी नटाचा आवाज. अशोकमामांचे डोळे आणि किशोरचा गळा एकाच जातीचे आहेत. दोघेही गंभीर व्हायला दोन सेकंद उशीर करतात. म्हणून ती जोडणी दिसत नाही.

यातून मला एक कसोटी सापडली. गाणारा नट सुरात आहे का, हे दुसरं. पहिलं हे बघायचं की आत्ता जो बोलत होता तोच माणूस गातोय का?

*

या कसोटीवर मी ज्यांना सर्वांत वर ठेवीन ते प्रशांत दामले. बेस्टमध्ये नोकरी करता करता ‘टूरटूर’सारख्या नाटकांतून वर आलेला हा नट. ६ नोव्हेंबर २०२२ ला मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात त्यांच्या कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग झाला. आमच्या पिढीने त्यांना आधी ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये बघितलं, नाटकात नंतर. त्यांचं ‘एका लग्नाची गोष्ट’मधलं सुखाबद्दल प्रश्न विचारणारं गाणं माहीत नसलेला मराठी माणूस सापडणं कठीण. शब्द श्रीरंग गोडबोल्यांचे, चाल अशोक पत्कींची.

ते गाणं का चालतं? दामल्यांचा आवाज मैफिलीचा नाही. ते सूर लांबवून त्याच्यावर मुक्काम करत नाहीत. ते शब्दावर उतरतात, शब्दावरून पुढे जातात. बोलता बोलता माणूस जसा मध्येच थांबतो, स्वतःशी हसतो, पुन्हा सुरू करतो, तसंच ते गातात. ‘आता गाणं हं’ असा कुठेही बदल नाही. संवाद संपला कधी आणि गाणं सुरू झालं कधी, हे शोधायला गेलं तर सांधा हाती लागत नाही. देवलांच्या नाटकात अश्विनशेठ आणि फाल्गुनराव असे दोन माणसांत वाटलेले जे काम होतं, ते दामल्यांनी एका माणसात आणलं. ज्याच्यावर आपण हसलो तोच गातो, आणि गाताना आपण त्याच्यावर हसलो होतो हे विसरत नाही. म्हणून ते गाणं गोड असूनही चिकट होत नाही.

आणि म्हणूनच मला त्यांची दुसरी एक निवड फार आवडते. त्यांनी ‘संशयकल्लोळ’ पुन्हा रंगमंचावर आणलं तेव्हा अश्विनशेठ झाले राहुल देशपांडे, आणि दामले स्वतः फाल्गुनराव. ज्याच्या गाण्याला लोक टाळ्या द्यायला तयार बसलेत, तो नट न गाणारी भूमिका घेतो. स्वतःच्या गळ्याची मर्यादा आणि नाटकाची गरज या दोन्ही गोष्टी कळल्याशिवाय असं होत नाही.

धोका आहे तोही सांगतो. एकदा का लोकांना कळलं की हा गातो, की पुढे गाणं पात्रासाठी येत नाही, नटासाठी येतं. कथा बाजूला उभी राहते, गाणं होतं, टाळ्या होतात, कथा पुन्हा आत येते. प्रेक्षकांना यात वावगं वाटत नाही. मलाही टाळी वाजवताना वाटत नाही, बसमध्ये घरी येताना वाटतं.

उलटा रस्ताही बघा. २०१४ च्या ‘टाइमपास’मधली केतकी माटेगावकर किंवा २०१७ च्या ‘ती सध्या काय करते’मधली आर्या आंबेकर. या आधी गायिका म्हणून माहीत होत्या. आर्याला तर अख्ख्या महाराष्ट्राने २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये वाढताना पाहिलं. त्या पडद्यावर गायल्या तेव्हा कुणी ‘पण’ म्हटलं नाही. उलट त्या अभिनय करतात याचं कौतुक झालं. त्यांच्या गाण्यात सफाई आहे, दामल्यांच्या कितीतरी पुढची. पण तरुण नायिका गाऊ लागली की मला नायिका दिसायची बंद होते आणि गायिका दिसते. एवढी तयारी असलेला गळा साध्या मुलीचं पात्र मागे टाकून पुढे जातो. हा त्यांचा दोष नाही. सिनेमाने त्यांना थोडं चुकायला जागाच ठेवलेली नसते.

चुकण्याची जागा रोमँटिक कॉमेडीत फार महत्त्वाची असते. १९९७ च्या ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’मध्ये कॅमेरॉन डियाझला तिची प्रतिस्पर्धी मुद्दाम कराओकेच्या माइकपुढे ढकलते, कारण तिला गाता येत नाही हे माहीत असतं. ती भयंकर बेसूर गाते, आणि बारमधला प्रत्येक माणूस तिच्या प्रेमात पडतो. डाव उलटतो. तिथे एखाद्या तयार गायिकेचा आवाज मागून लावला असता तर सिनेमा तिथेच संपला असता.

*

आता पुन्हा हिरकणीवाडीत.

२४ ऑक्टोबर २०१९ ला ‘हिरकणी’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक प्रसाद ओक, हिरकणी सोनाली कुलकर्णी. गडावर दूध घालायला गेलेली बाई, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं मूल, आणि कडा उतरून गेलेली आई. ही गोष्ट आम्ही चालता येण्याआधी ऐकलेली. त्यातलं राज्याभिषेकाचं गाणं आता रोपवेच्या रांगेत प्रत्येक दुसऱ्या फोनवर रील बनून वाजतं.

पण मला बोलायचंय ते ओकांच्या पुढच्या सिनेमाबद्दल. २०२२ चा ‘चंद्रमुखी’. अमृता खानविलकर तमाशातली कलावंत. तिच्या गाजलेल्या लावणीला आवाज श्रेया घोषालचा, संगीत अजय-अतुलचं. गाणं जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण स्वतः गाण्याची स्पर्धा जिंकलेल्या दिग्दर्शकाकडून माझी एक वेगळी अपेक्षा होती. त्याला आतून माहीत आहे की नटाला गाताना काय होतं : श्वास कुठे तुटतो, चेहरा कुठे कुरूप होतो. त्या पडद्यावर श्वास तुटतच नाही. अमृता जीव तोडून नाचते आणि आवाज स्टुडिओतल्या खुर्चीत निवांत आहे. ‘कच्चा लिंबू’सारखा खरबरीत, घुसमटलेला सिनेमा करणाऱ्या माणसाला ही फट दिसली नसेल असं मला वाटत नाही. त्याने ती झाकायचं ठरवलं.

इथे कुणी म्हणेल, संगीतबारीतही नाचणारी वेगळी आणि गाणारी वेगळी असतेच की. अगदी बरोबर. आणि आमच्याकडच्या जाखडीतही तेच आहे. मध्ये शाहीर बसतो, शेजारी मृदंगवाला, आणि त्यांच्याभोवती गोल धरून पोरं नाचतात. नाचणारा गात नाही, गाणारा नाचत नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमानी शक्ती-तुऱ्याचे सामने बघायला जायचे तिथेही असंच असायचं.

पण शाहीर मध्ये बसतो. सगळ्यांना दिसेल असा. संगीतबारीतली गाणारी मागे बसते, पण मंचावर बसते. तिला घाम येतो तो दिसतो. म्हणजे चेहरा आणि आवाज वेगळे असणं हा प्रश्न कधी नव्हताच. आवाज कुठे बसलाय, हा प्रश्न आहे. ‘पडोसन’ची बिंदूही यावरच चिडली होती. भोला गात नाही याचा राग असता तर तिने त्याला शेवटी पत्करलाच नसता.

‘हा गातो पण?’ हे आश्चर्य या लपवण्यातून जन्माला येतं. आपण आवाज इतका नीट लपवला की तो त्याच्या मालकाच्या तोंडून निघाला तरी चमत्कार वाटतो. रिअ‍ॅलिटी शो त्या चमत्काराचे एपिसोड करतात. आणि आता तर सूर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत, कुणीही नट ‘गातो पण’ होऊ शकतो. नटांची गाणी दरवर्षी वाढतायत आणि त्यांच्यातला नट मात्र ऐकू येत नाही.

*

दादाची गोष्ट अर्धी राहिली.

पुढच्या वर्षी मंडळींनी ठरवलं, नाटक भारी करायचं. लाइट भाड्याने, स्पीकर भाड्याने, आणि गाणं महाडला जाऊन रेकॉर्ड करून आणायचं, ‘चांगल्या’ गायकाकडून. दादाने फक्त ओठ हलवायचे. दादा काही बोलला नाही. पूजेच्या रात्री ट्रॅक वाजला. गळा खरंच छान होता, दादाचा त्याच्यापुढे काहीच नाही. दादानेही ओठ अचूक हलवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जशा लाइट गेल्यावर आल्या की वाजवतात. वन्स मोअर आला नाही. पेन ड्राइव्हला वन्स मोअर कोण देणार?

त्यानंतर दादाने नाटकात काम केलं नाही. मिनिडोरमध्ये मात्र तो गातो, पाचाडचा चढ लागला की. पॅसेंजर नवीन असेल तर आरशात बघून म्हणतो, ‘दादा, तुम्ही गाता पण?’

या मेमध्ये त्याला पुन्हा विचारायचं घाटतंय. मीटिंग मी आणि काकींच्या पडवीत होती म्हणून मी ऐकली. ट्रॅक लावायचाच असं बहुतेकांचं मत होतं. दादा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. शेवटी म्हणाला, ‘लावा ना. पण मग त्या गायकालाच बोलवा. मी ओठ हलवतो, तो माझ्या बाजूला खुर्ची टाकून गाईल.’

सगळे हसले, कारण तो दादा होता. निर्णय पुढच्या रविवारी आहे.